खडेमीठ

दिवेघाटाच्या माथ्यावर जीपचं मागचं चाक बसलं. स्टेपनी काढली, तर तिच्यातही हवा नाही. आठ दिवसांपूर्वी तिचं पंक्चर काढायचं ठरवलं होतं, ते ठरवण्यावरच राहिलं होतं.

कडेला लिंबाखाली बशीरभाईची कुल्फीची गाडी उभी होती. माझ्याकडे बघून तो हसला.

"सदाभाऊ, आज दोन्ही पाय गेले का?"

"पंक्चरवाल्याला फोन कर की. हसतोस काय!"

"केला. वडकीहून वर यायचाय तो. दीड तास धरा. तोवर कुल्फी खा."

मी कुल्फी खाल्ली नाही. मागचं दार उघडून थर्मोकोलचं खोकं बघितलं. आत रक्ताने भरलेल्या चव्वेचाळीस नळ्या होत्या, हिरव्या बुचाच्या. अकरा माणसांच्या, प्रत्येकी चार. रक्त सकाळी आठ ते दहामध्ये काढलं होतं आणि दोनच्या आत पुण्याला प्रयोगशाळेत पोचवायचं होतं. आता साडेअकरा झाले होते. एप्रिलचं ऊन. खोक्यातला थर्मामीटर चौतीस दाखवत होता.

हे रक्त ज्यांच्या संशोधनासाठी होतं, त्या रणपिसे मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कामठे, या रक्ताला बर्फ लावायचा नाही. खोलीत असतं तेवढंच तापमान. पंचवीसच्या आसपास. बर्फ अजिबात नाही."

ऑक्टोबरात पहिल्यांदा रक्त नेलं तेव्हा हवाच तेवढी होती, त्यामुळे काही प्रश्न आला नाही. आता चौतीसचे पस्तीस झाले. पस्तीसचे छत्तीस झाले. मला वाटलं, मॅडमनी हा नियम एसीत बसून केलाय. त्यांना एप्रिलमधला दिवेघाट माहीत नाही.

आणि आमच्या घरचं वळणच तसं होतं. माझी बायको इंदुमती बोरमाळच्या उपकेंद्रात बावीस वर्षं नर्स होती. अख्खं गाव तिला सिस्टर म्हणायचं. कधी कधी मीसुद्धा म्हणायचो आणि लोक हसायचे. आणि हे काम धरण्याआधी चौदा वर्षं मी तालुक्याची लसींची गाडी चालवली होती. लस ठेवायची दोन ते आठ अंशांत, हे आमच्या घरात सकाळच्या चहाइतकं पक्कं होतं. आमच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना वीज गेली, तर इंदू शालू नेसून उपकेंद्रावर गेली, आइसपॅक बदलले आणि अक्षता टाकायला परत आली. गरम झालं की मेलं, एवढंच आम्हाला माहीत.

"बशीरभाई, दोन पिशव्या बर्फ दे."

"माझा बर्फ खडेमिठातला आहे. चालेल का?"

"मीठ कशाला?"

"नुसत्या बर्फात कुल्फी जमत नाही, सदाभाऊ. मीठ टाकलं की बर्फ आणखी गार होतो. लई गार."

मला ते आणखीच बरं वाटलं. नळ्यांच्या दोन्ही बाजूंना दोन पिशव्या दाबून बसवल्या. एकीला बारीक भोक होतं, ते तेव्हा दिसलं नाही. दहा मिनिटांनी बघितलं तर आकडा पाचवर आला होता. पाच! दोन ते आठच्या बरोबर मधोमध. मी झाकण लावलं, पुन्हा आकडा बघितलाच नाही, दगडावर बसलो आणि समाधानाने एक कुल्फी खाल्ली. ती विरघळून थोडी शर्टावर सांडली.

पंक्चर निघाल्यावर घाट उतरलो. फुरसुंगीच्या पुढे पिशव्या काढून टाकल्या, खोकं आतून रुमालाने पुसलं आणि दोनला दहा मिनिटं असताना प्रयोगशाळेच्या खिडकीत दिलं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "वेळेवर आलात, काका." मी शीळ घालत परत आलो.

हे रक्त कशाला हवं होतं, ते सांगतो. नाहीतर पुढचं कळणार नाही.

स्वाइन फ्लूच्या वर्षी आमच्या गावातली एक सात महिन्यांची गरोदर मुलगी गेली. आशा तिचं नाव. इंदूने तिला धनुर्वाताची दोन्ही इंजेक्शनं दिली होती, गोळ्या दिल्या होत्या, वजन मोजलं होतं. लस गावात आली तोवर आशाचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. आशाचं तपासणीचं कार्ड इंदूने टेबलाच्या खणात ठेवून दिलं होतं. कुणाला दाखवायची नाही. खण उघडला की ते दिसायचं, एवढंच.

म्हणून चार वर्षांनी रणपिसे मॅडम पुण्याहून प्रकल्प घेऊन आल्या आणि गाव सुया बघून मागे सरलं, तेव्हा इंदू घरोघर फिरली. ऑक्टोबरात सगळ्यांचं एकदा रक्त घेतलं, मग थंडीभर तिने दर आठवड्याला दोनशे माणसांच्या नाकात काडी घातली. एकतीस जणांत फ्लू सापडला. त्यातल्या वीस जणांनी अंथरूण धरलं. उरलेल्या अकरा जणांच्या नाकात फ्लू होता आणि ती माणसं शेतात काम करत होती. हौसाबाई धायगुडे नावाची चौऱ्याहत्तर वर्षांची म्हातारी होती, ती तर शिंकलीसुद्धा नव्हती.

मॅडमना हे अकरा हवे होते. शाळेत त्यांना बोलावून त्यांनी समजावून सांगितलं.

नाना झेंडे उठला. अंजिराचा बागायतदार, बोलायला पक्का. "मॅडम, आमी आजारी पडलो न्हाई म्हनून आमाला सुई? जे पडले त्यांना टोचा की."

सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही का पडला नाहीत, तेच तर बघायचंय. फ्लूचा विषाणू बाहेरून दर वर्षी बदलतो. आपली लस त्याचं बाहेरचं रूप ओळखायला शिकवते, म्हणून ती दर वर्षी नवी लागते. पण त्याच्या आतले भाग फारसे बदलत नाहीत. आपल्या रक्तात टी पेशी असतात. त्या हे आतले भाग ओळखतात."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी दारात उभा होतो. मला राहवलं नाही.

"मॅडम, मी सांगू का? समजा, चोराने जीप चोरली. तिला रंग मारला, नंबरप्लेट बदलली. नाक्यावरचा पोलीस नंबर बघतो आणि सोडून देतो. ही आपली दर वर्षीची लस. पण ती जीप गॅरेजवाल्याकडे गेली आणि त्याने बॉनेट उघडलं, की तो इंजिन बघूनच सांगतो, ही गाडी कुणाची. जीप गावात शिरते, पण पुढे जात नाही."

मॅडमना हसू आलं. "टी पेशी म्हणजे गॅरेजवाला. चालेल. आणि हा गॅरेजवाला सगळ्यांच्या अंगात तयार करता आला, तर दर वर्षी नवी लस नको. एकच लस, सगळ्या फ्लूंना."

"म्हंजे आमच्या अंगात ग्यारेज हाय," नाना म्हणाला. हौसाबाईने आपल्या दंडाकडे वेगळ्याच नजरेने बघितलं.

"फक्त त्या पेशी आमच्याकडे जिवंत यायला हव्यात," मॅडम म्हणाल्या. "आणि आजारानंतर दीड महिन्याच्या आत. उशीर झाला की पुन्हा कमी होत जातात."

मग इंदू उठली. "आता एकदाच घेणार. ही शेवटची सुई. माझा शब्द."

तर ते हे रक्त. त्या सकाळी इंदूही बरोबर यायची होती, पण ऐनवेळी बाळंतपण आलं. खोकं माझ्या हातात देताना ती म्हणाली होती, "बर्फ नाही हं. मलाच पटत नाही, पण मॅडम म्हणतात तर नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मॅडम स्वतः आल्या. न कळवता. त्यांच्या हातात तेच खोकं होतं. ते उपकेंद्राच्या ओट्यावर ठेवून त्यांनी आतून दोन नळ्या काढल्या.

"सिस्टर, ही आमच्याकडची चांगली नळी बघा, ऑक्टोबरात तुमच्या सगळ्या अशाच निघाल्या होत्या. चांगलं रक्त यंत्रात फिरवलं की वर पिवळं पाणी, खाली लाल, मध्ये ही पांढरी रेघ. आपल्या पेशी त्या रेघेत असतात. आणि ही कालची."

कालची नळी वरपासून खालपर्यंत लाल होती. सरबतासारखी.

"गोठून फुटलंय. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस. एक पेशी जिवंत नाही." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू बोलत होत्या. "अंगात हे रक्त सदतीस अंशांवरच असतं. उन्हाने काही तासांत त्याचं फार बिघडलं नसतं. यात बर्फ कोणी ठेवला?"

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, उघडलं होतं.

इंदूने खोक्यात हात घातला होता. कोपऱ्यात पांढरे खडे वाळून चिकटले होते. तिने एक बोटावर घेतला, चुरला. मग माझ्याकडे बघितलं. आरशात मागची गाडी बघतो ना आपण, तेवढंच. आणि मॅडमकडे वळली.

"मी ठेवला."

"तुम्ही?"

"सवय, मॅडम. बावीस वर्षांची. हात गेला आपोआप."

"आइसपॅकने असं गोठत नाही, सिस्टर."

"मीठ घातलं होतं. लाइट बराच वेळ नसली की मी घालते."

जन्मात कधी तिने बर्फात मीठ घातलं नव्हतं. मॅडम बाकावर बसल्या. चष्मा काढून पुसला.

"दुसरं कोणी असतं ना, तर आज प्रकल्पातून काढून टाकलं असतं. तुम्हाला मी काय बोलू? मुदत उद्याची आहे. उद्या परत अकराही जणांचं रक्त मिळालं तर ठीक. नाहीतर आमचा अख्खा हिवाळा गेला."

"मिळेल," इंदू म्हणाली.

"तुम्ही शेवटची सुई म्हणून शब्द दिला होता."

"म्हणून तर मलाच जायला हवं."

मॅडम गेल्यावर मी जीप काढली. इंदू पुढे बसली. मी म्हणालो, "इंदू, ऐक—"

"गाडी चालवा."

बातमी आमच्या आधी पोचली होती. सिस्टर चुकली! बावीस वर्षं जिने गावाला फैलावर घेतलं, डोस चुकला म्हणून, नखं वाढली म्हणून, पाणी उघडं ठेवलं म्हणून, ती चुकली. लोक दारात येऊन उभे होते. लग्नाची वरात बघायला उभे राहतात तसे.

नाना झेंड्याने ओसरीवर खुर्ची टाकली आणि स्वतःच तीत बसला. इंदू उभी.

"सिस्टर, माझ्या सुनेला डोसाला एक दिवस उशीर झाला व्हता. तवा तुमी तिला काय म्हनाला व्हता, आठवतं?"

"आठवतं."

"म्हना बरं."

"डोकं घरी ठेवून आलीस का, असं म्हणाले होते."

"मग सिस्टर," नाना पुढे वाकला, "काल डोकं घरी ठिवून आला व्हता का?"

"हो, नाना."

नानाला इतका आनंद झाला की त्याने तिथल्या तिथे बाही वर केली. "घ्या! चार कशाला, आठ नळ्या घ्या!"

"आत्ता नाही. उद्या सकाळी आठला, उपकेंद्रावर."

"येतो. पर एक अट. आधी तुमचं रगात काढायचं. आमच्यासमोर."

"काढते."

पुढच्या नऊ घरांत हेच झालं. प्रत्येकाकडे तिचं एकेक जुनं वाक्य जपून ठेवलेलं होतं. कुणी ते हसत परत दिलं, कुणी जरा जोरात. एका बाईने तर तिला हात धुवायला लावले आणि नखं बघितली. इंदू मान खाली घालून उभी राहायची, हो म्हणायची आणि पुढच्या घरी निघायची. मी प्रत्येक वेळी जीपमध्येच. स्टेअरिंग धरून बसलेलो. इंजिन चालू.

अकरावं घर हौसाबाईचं. ती वाड्यात मेंढरांना पाला टाकत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हातातली फांदी खाली ठेवली.

"मीठ कुनी घातलं?"

"मी, मावशी."

"माज्याकडं बगून बोल."

"मीच."

"बावीस वर्सं बगतीया तुला. खोक्याचं टोपन तू दोनदा दाबून बगतीस. सुई फेकल्यावर पुन्ना डब्यात वाकून बगतीस. तुज्या हातनं हे व्हनार न्हाई. खोटं बोलनाऱ्याला मी रगात देत न्हाई."

"मावशी, तुमच्याशिवाय अकरा होत नाहीत. आणि मॅडमना सगळ्यांत तुमचंच हवंय."

"मग खरं बोलनारा मानूस आन." म्हातारीने फांदी उचलली आणि पाठ फिरवली.

इंदू तशीच उभी राहिली. दहा घरांत वाकलेली तिची मान पहिल्यांदा सरळ झाली होती, पण पाय ना पुढे जात होते, ना जीपकडे वळत होते. बावीस वर्षांत मी तिला असं कधी बघितलं नव्हतं.

मी इंजिन बंद केलं आणि खाली उतरलो.

"मावशी, बर्फ मी घातला. घाटात जीप बंद पडली, ऊन लागेल म्हणून घातला."

"आन मीठ?"

"ते बर्फात होतंच. कुल्फीवाल्याचा बर्फ होता."

"कुल्फीवाल्याचा?"

"हो."

हौसाबाईने माझ्याकडे बघितलं, इंदूकडे बघितलं आणि हसायला लागली. मेंढरं दचकली. "आरं माज्या द्येवा! माज्या रगताची कुल्फी केली ह्येनं!"

इंदू माझ्यावर उखडली. "तुम्हाला कुणी उतरायला सांगितलं होतं? दहा झाले होते माझे!"

"अकरावा होत नव्हता ना."

"मी केला असता!"

"गप बसा दोगं," हौसाबाई डोळे पुसत म्हणाली. "देते रगात. पर पुण्याला मी संगं येनार. खोकं माज्या मांडीवर. ह्येच्यावर माजा भरोसा न्हाई."

दुसऱ्या दिवशी आठला अकराही हजर. नानाने आठवण करून द्यायच्या आधीच इंदू खुर्चीवर बसली. रबराची पट्टी दाताने ओढून तिने आपल्याच डाव्या दंडाला बांधली आणि उजव्या हाताने सुई घातली. एक नळी भरली, दुसरी भरली. मग तिने सुईकडे न बघता नानाकडे बघितलं. नाना म्हणाला, "बास, सिस्टर, बास." त्याला सुई बघवत नाही, हे तेव्हा कळलं.

साडेदहाला निघालो. पुढे हौसाबाई, मांडीवर खोकं, झाकणावर तळहात. मागे इंदू. घाटाच्या माथ्यावर म्हातारीने जीप थांबवायला लावली.

"ह्योच का त्यो?"

बशीरभाईला काही माहीत नव्हतं. "काय झालं, मावशी?"

"काय न्हाई. तीन कुल्फ्या दे. आन त्यो बर्फ हिकडं आनू नगंस."

लिंबाच्या सावलीत जीप लावून आम्ही कुल्फी खाल्ली. हौसाबाई एका हाताने खात होती, दुसरा हात झाकणावर. थर्मामीटर तेहतीस. इंदूने आकडा वाचला, तिचा हात आपोआप खोक्याकडे गेला, मग तिने तो पदरात गुंडाळून घेतला.

"किती अवघड आहे हो," ती म्हणाली, "काही न करणं."

प्रयोगशाळेत मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केले. हौसाबाईने खोकं छातीशी धरलं.

"आदी मला सांग. ह्येला काढनार का?"

"कुणाला? कशाबद्दल?"

"कुल्फीबद्दल."

झालं. घाट, बर्फ, मीठ, भोकाची पिशवी, सगळं दोन मिनिटांत बाहेर आलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग कितीतरी वेळ इंदूकडे. इंदू फरशी बघत होती.

"ह्येला काढलंस तर मी माजं रगात घिऊन घरी जाते," हौसाबाई म्हणाली. "सरळ एस्टीनं."

मॅडमनी घड्याळ बघितलं. "हौसाबाई, खोकं द्या. वेळ चाललाय. कुणाला काढत नाही."

"शपत?"

"शपथ."

तेव्हा कुठे खोकं हललं. तासाभराने मॅडम एक नळी घेऊन बाहेर आल्या आणि म्हातारीसमोर उजेडात धरली. वर पिवळं, खाली लाल आणि मध्ये पांढरी रेघ, दुधावर साय धरायला लागते तेवढी.

"ह्यो माजा ग्यारेजवाला?"

"हाच."

"लई बारीक हाय गं." पण ती बराच वेळ बघत राहिली.

परतताना हौसाबाई मागच्या सीटवर झोपली. इंदू पुढे येऊन बसली. सासवडच्या अलीकडे मी विचारलं, "तुला कळलं कसं?"

"खडेमीठ. घाटात बशीरभाईशिवाय तुम्हाला कोण भेटतं? आणि शर्टावर डाग होता. पिस्त्याचा."

"आणि अंगावर का घेतलंस?"

"ड्रायव्हर अर्ध्या दिवसात दुसरा मिळतो. मॅडमनी तुम्हाला तिथल्या तिथे काढलं असतं. मला काढून चालणार नव्हतं. मी नसते तर गावात एकाने बाही वर केली नसती. मग चूक कुणाच्या नावावर असलेली बरी? सोपं आहे."

"मी तोंड उघडलं होतं, इंदू. खरंच."

"बघितलं ना मी," ती म्हणाली. "म्हणून तर घाई केली."

या गोष्टीला बारा वर्षं झाली. मॅडमच्या अहवालात त्या अकरा जणांचे अकरा ठिपके आहेत. ज्यांच्या रक्तात फ्लूचं इंजिन ओळखणाऱ्या पेशी आधीपासून जास्त होत्या, ती माणसं बहुतेक पडली नाहीत. हौसाबाईचा ठिपका सगळ्यांत वर होता. ती ऐंशी पार करून गेली, तीही झोपेत. सगळ्या फ्लूंची एकच लस अजून आलेली नाही. मॅडम म्हणतात, येईल.

इंदू मागच्या भाद्रपदात गेली. हृदयाचं होतं. सकाळी चहा टाकला आणि बसली, ती उठली नाही. तिच्या खणातलं आशाचं कार्ड आता माझ्याकडे आहे.

जानेवारीत मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "कामठे, त्या दिवशी सिस्टरनी स्वतःचं रक्त दिलं होतं. त्यातल्या पेशी आम्ही साठवल्या. एक नळी शिल्लक आहे. यंदाच्या फ्लूवर तपासून बघायची आहे. सिस्टरची तशी सही आहे. तरीही तुम्हाला विचारल्याशिवाय बाहेर काढवत नाही."

"बाहेर काढली की संपणार का?"

"हो."

मी दोन दिवस घेतले. मग गेलो.

पेशी ठेवल्या होत्या त्या पिंपातून धूर निघत होता. उणे एकशे शहाण्णव अंश, मॅडम म्हणाल्या.

"एवढं गार? आणि माझ्या वेळी तर..."

"औषध घालून हळूहळू गार केलं की मरत नाहीत. तुम्ही घाई केली होती."

करंगळीच्या पेराएवढी नळी. आत चिमूटभर बर्फ. ती त्यांनी सदतीस अंशांच्या पाण्यात धरून हळूहळू हलवली. दोन मिनिटांत पाणी झालं. मग मला सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगितलं. गोल गोल चमकणारे दाणे होते.

"जिवंत आहेत?"

"बहुतेक सगळ्या."

मी बघत राहिलो. त्यांनी मला घाई केली नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला. मॅडमचा आवाज तरुण झाला होता.

"कामठे, यंदाच्या विषाणूचे आतले तुकडे दिले होते. सिस्टर गेल्यानंतर आलेला विषाणू हा. त्यांनी कधी बघितलेला नाही. तरी ओळखला! एका रात्रीत ओळखला."

"एक रात्र?" मी म्हणालो. "तिला एवढा वेळ लागायचा नाही, मॅडम."